फोटोतला नॉइज नेमका येतो कुठून?

फोटोग्राफीच्या प्राथमिक वर्गात एक नियम अगदी सुरुवातीलाच कानावर पडतो : आयएसओ (फोटो किती उजळ व्हावा हे ठरवणारा कॅमेऱ्यातला आकडा) वाढवला की फोटोत नॉइज (नको असलेले दाणे) येतो, म्हणून आयएसओ शक्य तितका कमी ठेवावा. नियमाचा पहिला भाग अनुभवाला धरून आहे. आयएसओ ६४०० वर काढलेला फोटो मोठा करून पाहिला, तर सावलीच्या भागांत दाणे आणि रंगीत ठिपके दिसतात. आयएसओ १०० वर भर उन्हात काढलेल्या फोटोत ते शोधूनही सापडत नाहीत. पण त्यावरून ‘आयएसओ नॉइज निर्माण करतो’ असा जो अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून मंद प्रकाशात कॅमेरा हाताळणारा माणूस चांगला मिळू शकणारा फोटो स्वतःच्या हाताने खराब करतो. म्हणून ही कार्यकारणाची साखळी कडी-कडीने उलगडून पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

त्यासाठी मराठी नाटकाच्या प्रयोगाचे छायाचित्रण हे उदाहरण फार सोयीचे आहे. तिथे फ्लॅश वापरता येत नाही, प्रकाश किती आणि कुठे असावा हे प्रकाशयोजनाकाराने ठरवलेले असते, नट सतत हालत असतात आणि त्यांच्या मागे बहुधा काळा पडदा असतो. समजा, आपण पाचव्या रांगेतून ७०-२०० मिमीच्या, एफ/२.८ अपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) असलेल्या लेन्सने फोटो काढत आहोत. लेन्स यापेक्षा जास्त उघडत नाही. संवाद म्हणणाऱ्या नटाचा हात किंवा मान हललेली दिसू नये म्हणून शटर स्पीड, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, १/२५० सेकंद ठेवला आहे. या दोन गोष्टी ठरल्या की सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, किती प्रकाश पोहोचणार हेही ठरून गेले, कारण रंगमंचावरचा प्रकाश आपल्या हातात नाही. आता फक्त आयएसओ निवडायचा राहिला आहे. कॅमेरा ३२०० सुचवतो, आपले मन मात्र ८०० वर थांबायला सांगते. कोणाचे ऐकावे?

उत्तर सेन्सरच्या कामाच्या क्रमात आहे. शटर उघडे असताना प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, प्रत्येक पिक्सेलमधल्या सिलिकॉनवर आदळतात आणि त्यांतले बरेचसे एकेक इलेक्ट्रॉन मोकळा करतात. पिक्सेल हे इलेक्ट्रॉन साठवून ठेवतो. शटर बंद झाले की साठवण थांबते. त्यानंतर या साठ्याचे विद्युत दाबात रूपांतर होते, तो दाब वाढवला जातो आणि शेवटी त्याचा आकडा बनवला जातो. आजच्या बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत हा आकडा १४ बिटांचा, म्हणजे ० ते १६,३८३ या दरम्यानचा असतो. आयएसओ ही या मधल्या वाढवण्याच्या टप्प्याची मात्रा आहे. ती लागू होते तोवर प्रकाश गोळा करण्याचे काम संपलेले असते, त्यामुळे आयएसओचा आकडा कितीही चढवला तरी सेन्सरला एकही जास्तीचा फोटॉन मिळत नाही. ‘आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त संवेदनशील होतो’ हे वाक्य सोयीसाठी वापरले जाते, पण सिलिकॉनची फोटॉन पकडण्याची क्षमता आयएसओच्या बटणाने बदलत नाही.

मग दाणे येतात कुठून? मुख्यतः प्रकाशातूनच. फोटॉन शिस्तीने, ठरावीक अंतराने येत नाहीत. कोरड्या शहाबादी फरशीवर पावसाचे पहिले थेंब पडतात तेव्हा एका फरशीवर तीन थेंब असतात, शेजारच्या फरशीवर सात आणि तिसरी कोरडीच असते, जरी पाऊस सगळ्या अंगणात सारखाच पडत असतो. सर चांगली कोसळून गेली की सगळ्या फरश्या सारख्याच भिजलेल्या दिसतात. फोटॉनचे नेमके असेच आहे. एकसारख्या उजळलेल्या भिंतीचा फोटो काढला तरी शेजारशेजारच्या पिक्सेलांना मिळणारे फोटॉन कमी-जास्त असतात. या चढउतारालाच शॉट नॉइज म्हणतात, आणि त्याचे गणित सोपे आहे : सरासरी जितके कण, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार. सरासरी १०,००० इलेक्ट्रॉन जमले असतील, तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. तो डोळ्याला जाणवत नाही. सरासरी १०० च जमले असतील, तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. हा दाण्यांच्या रूपात स्पष्ट दिसतो. नॉइजचा आकडा १०० वरून १० वर आला, म्हणजे प्रत्यक्षात तो कमी झाला, तरीही फोटो वाईट दिसतो, कारण डोळ्याला जाणवते ते नॉइज आणि चित्र यांचे प्रमाण. याच कारणाने एकाच फोटोत उजळ चेहरा स्वच्छ दिसतो आणि मागचा काळा पडदा दाणेदार दिसतो, जरी दोन्हींसाठी आयएसओ तोच असतो.

हे नाटकाच्या फोटोला लावून पाहू. एखाद्या फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याचा पिक्सेल काठोकाठ भरायला ५०,००० इलेक्ट्रॉन लागतात असे धरले, तर आयएसओ १०० वर व्यवस्थित एक्सपोज केलेल्या (योग्य तेवढा प्रकाश दिलेल्या) फोटोत मध्यम करड्या छटेच्या पिक्सेलमध्ये साधारण ६,००० इलेक्ट्रॉन जमलेले असतात. चढउतार सव्वा टक्क्याच्या आसपास. आयएसओ ३२०० वर कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर बत्तीस पट कमी प्रकाशात समाधानी होते. त्याच करड्या छटेच्या पिक्सेलमध्ये आता १९०-२०० इलेक्ट्रॉन आहेत आणि चढउतार सात टक्क्यांवर गेला आहे. आपण आयएसओ वाढवला, कॅमेऱ्याने त्या बदल्यात प्रकाश कमी घेतला, आणि प्रकाश कमी झाल्यामुळे नॉइज दिसू लागला. आयएसओ आणि नॉइज नेहमी जोडीने दिसतात ते या मधल्या कडीमुळे. रंगमंचावर मात्र ती कडी आधीच तुटलेली आहे : शटर आणि अपर्चर दोन्ही जागच्या जागी आहेत, प्रकाश जेवढा आहे तेवढाच आहे, आणि म्हणून शॉट नॉइज ८०० वर जेवढा असेल तेवढाच ३२०० वरही असणार आहे.

इथे नॉइजचा दुसरा प्रकार चित्रात येतो आणि तो पारडे आयएसओच्या बाजूने झुकवतो. साठलेले इलेक्ट्रॉन मोजताना कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सकडून थोडी चूक होते. तिला रीड नॉइज म्हणतात. या चुकीचा काही भाग दाब वाढवण्याच्या आधी शिरतो आणि काही भाग नंतर, आकडा बनवताना. नंतर शिरणारा भाग आयएसओवर अवलंबून नसतो. त्यामुळे आधीच भरपूर वाढवलेल्या संकेतापुढे (इलेक्ट्रॉनपासून बनलेल्या दाबापुढे) तो क्षुल्लक ठरतो, तर न वाढवलेल्या क्षीण संकेताला तो गिळून टाकतो. १०-१५ वर्षांपूर्वीच्या काही कॅमेऱ्यांत ही एकूण चूक आयएसओ १०० वर पंचवीस इलेक्ट्रॉनच्या घरात असे आणि आयएसओ १६०० च्या पुढे तीनच्या आसपास उतरे. काळ्या पडद्याच्या पिक्सेलमध्ये जेमतेम पाच इलेक्ट्रॉन जमले असतील, तर तीनच्या चुकीत त्यांचा थोडा तरी माग लागतो. पंचवीसच्या चुकीत पडदा आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या नटाची काळी शाल यांत फरकच उरत नाही. याचा अर्थ असा की प्रकाश ठरलेला असताना आयएसओ वाढवल्याने नॉइज वाढत नाही. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये तो कमी होतो.

ज्याला हे पटत नाही त्याने घरी पडताळून पाहावे. संध्याकाळी खोलीत एकच दिवा लावावा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा, रॉ फाइल (सेन्सरचे आकडे जसेच्या तसे साठवणारी) निवडावी, अपर्चर एफ/४ आणि शटर १/६० असे मॅन्युअल मोडमध्ये कायम करावे. एक फोटो आयएसओ ३२०० वर घ्यावा आणि दुसरा, बाकी काहीही न बदलता, आयएसओ २०० वर. दुसरा फोटो जवळजवळ काळा दिसेल. सॉफ्टवेअरमध्ये त्याचे एक्सपोजर चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) वर न्यावे आणि दोन्ही फोटोंमधली टेबलाखालची सावली शंभर टक्के (फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर) मोठी करून शेजारीशेजारी ठेवावी. आयएसओ २०० चा फोटो ३२०० च्या फोटोपेक्षा स्वच्छ कधीच नसतो. कॅमेरा नवा असेल तर दोन्ही जवळपास सारखे दिसतात. जुना असेल तर २०० च्या फोटोत सावल्यांवर जांभळट झाक आणि कधीकधी आडव्या-उभ्या रेघांचे पट्टे दिसतात. हे पट्टे डोळ्याला दाण्यांपेक्षा जास्त खुपतात, कारण विस्कळीत दाणे नजर चालवून घेते, पण एका रांगेत बसलेला नॉइज ती लगेच पकडते.

नव्या कॅमेऱ्यांत फरक का मिटला याचे कारण आकडा बनवण्याची यंत्रणा सेन्सरवरच, पिक्सेलांच्या प्रत्येक स्तंभाला स्वतंत्र, बसवली जाऊ लागली हे आहे. संकेताला लांबचा प्रवास करावा लागत नाही आणि वाटेतली भेसळ टळते. २०१० चा निकॉन डी७००० या बाबतीत बराच नावाजला गेला : त्यात कमी आयएसओवर काढून नंतर उजळ केलेला फोटो आणि मुळात जास्त आयएसओवर काढलेला फोटो यांत फारच थोडा फरक पडत असे. अनेक सेन्सरांत आता पिक्सेलच्याच पातळीवर संकेत वाढवण्याच्या दोन मात्रा असतात. ठरावीक आयएसओला कॅमेरा दुसऱ्या मात्रेवर उडी मारतो आणि रीड नॉइज एकदम खाली येतो. पॅनासॉनिकच्या २०१८ च्या जीएच५एस मध्ये या दोन पायऱ्या ४०० आणि २५०० अशा आहेत. अशा कॅमेऱ्यात दुसऱ्या पायरीच्या किंचित अलीकडे थांबण्यात काही हशील नसते. थेट त्या पायरीवरच जावे.

मग आयएसओ नेहमी वरच ठेवावा काय? नाही, कारण त्याची खरी किंमत नॉइजमध्ये नसून उजळ भागांत मोजावी लागते. संकेत बत्तीस पट वाढवला की जो पिक्सेल ५०,००० इलेक्ट्रॉनला काठोकाठ भरायचा तो आता सुमारे १,५६० इलेक्ट्रॉनलाच आकड्यांच्या कमाल मर्यादेला टेकतो. त्यापुढचा तपशील पांढरा फटक होतो आणि सॉफ्टवेअरने परत आणता येत नाही. रंगमंचावर हा धोका कायम असतो. मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढते, चौकटीत अर्ध्याहून जास्त काळा पडदा असतो, त्यामुळे दृश्य अंधारे आहे असे मीटरला वाटते आणि ते आयएसओ चढवते. मग स्पॉटलाइटमधले नटाचे कपाळ आणि नाकाचा शेंडा जळून जातो. म्हणून नाटकात चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा प्रकाश मोजणे) करावे किंवा एक्सपोजर एक ते दीड स्टॉप उणे ठेवावे. पडदा काळाच दिसायला हवा. त्यात दिसणारे दाणे हे पुष्कळदा काळ्या पडद्याला करडा करण्याच्या हट्टातून आलेले असतात, आणि संपादनात काळ्या छटा किंचित खाली ओढल्या की निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आयएसओच्या आकड्याबद्दलही थोडे सांगायला हवे. फिल्मच्या काळात अमेरिकेची एएसए आणि जर्मनीची डीआयएन अशा दोन पद्धती चालत. १९७४ मध्ये त्या एकाच आंतरराष्ट्रीय मानकात आणल्या गेल्या. फिल्मवर हा आकडा फिल्मचा स्वभावच सांगत असे. ४०० ची फिल्म १०० च्या फिल्मपेक्षा खरोखरच जास्त संवेदनशील होती, कारण तिच्यातले चांदीच्या क्षाराचे कण मोठे होते, आणि हेच मोठे कण फोटोत ग्रेन म्हणून दिसत. ‘जास्त आयएसओ म्हणजे दाणे’ ही समजूत तिथून आली आहे आणि तिथे ती बरोबर होती. डिजिटल कॅमेऱ्यांसाठी वेगळे मानक, आयएसओ १२२३२, १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २००६ साली जी सुधारणा झाली तिने उत्पादकांना आकडा ठरवण्यात बरीच मोकळीक दिली, त्यामुळे दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवरचे ३२०० हे आतून तंतोतंत सारखे असतीलच असे नाही. मेनूमध्ये मूळ आकड्यांच्या पुढेमागे ‘हाय’ आणि ‘लो’ अशा जोडून दिलेल्या पायऱ्यांकडे तर मी सहसा जात नाही. वरच्या पायऱ्या म्हणजे तयार आकड्यांचा नुसता गुणाकार असतो. खालची, समजा ५० ची, पायरी बहुतेक कॅमेऱ्यांत १०० वरच एक स्टॉप जास्त प्रकाश घेऊन नंतर काळोखलेला फोटो असतो, आणि त्यात उजळ भागांचा एक स्टॉप हकनाक जातो.

नॉइजला रंग का असतो, हा प्रश्न फार कमी विचारला जातो. सेन्सरचा पिक्सेल रंगांध असतो. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटनुसार प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच गाळणी बसवलेली असते. चौघांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. शेजाऱ्यांच्या आकड्यांत चढउतार असला की हा अंदाज चुकतो आणि करड्या जागी हिरवे-जांभळे डाग उमटतात. जुन्या हॅलोजन दिव्यांच्या पिवळट उजेडात निळा प्रकाश मुळातच फार कमी असतो. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची दुरुस्ती) सुधारताना निळ्या चॅनेलला काही पटींनी गुणावे लागते आणि त्याच्यातला नॉइजही तितकाच गुणला जातो. आजकाल भडक निळ्या किंवा लाल एलईडीखाली प्रसंग उभे केले जातात, तेव्हा पेच आणखी वाढतो. निळ्या उजेडात चारांपैकी एकच पिक्सेल खऱ्या अर्थाने काम करत असतो. तो जळण्याच्या बेतात असताना लाल पिक्सेलमध्ये जवळजवळ काहीच नसते. अशा प्रसंगाचा फोटो कोणत्याही आयएसओवर स्वच्छ येत नाही. तो कृष्णधवल करण्याचा मार्ग मला प्रामाणिक वाटतो, कारण रंगाचा नॉइज त्यात निघून जातो आणि जो दाणा उरतो तो डोळ्याला सहन होतो.

मोठ्या सेन्सरचा फायदाही शेवटी प्रकाशाच्या हिशेबात बसतो. फुल-फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिमी, एपीएस-सी या त्याहून लहान सेन्सरचे सुमारे ३७० आणि महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचे साधारण ७०. अपर्चर आणि शटर तेच असेल, तर मोठ्या क्षेत्रफळावर एकूण प्रकाश त्याच प्रमाणात जास्त जमतो. एपीएस-सी आणि फुल-फ्रेम यांत त्यामुळे एका स्टॉपहून थोडा जास्त फरक पडतो. मेगापिक्सेल वाढले की नॉइज वाढतो ही तक्रार मात्र अर्धवट आहे. शंभर टक्के मोठे करून एकेक पिक्सेल तपासला तर ती खरी वाटते, पण दोन्ही फोटो एकाच आकारात छापले तर फरक बहुतांशी विरून जातो.

लांब एक्सपोजरमध्ये तिसरा एक शत्रू भेटतो : उष्णता. सिलिकॉनमध्ये प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की हे प्रमाण साधारण दुप्पट होते. १/२५० सेकंदात त्याने काही बिघडत नाही. पण मेअखेर ते जूनमध्ये भंडारदरा, पुरुषवाडी किंवा राजमाचीच्या रानात काजव्यांचे फोटो काढताना ३० सेकंदांची एक्सपोजर एकामागून एक घेतली जातात, हवा गरम आणि दमट असते, सेन्सर तापतो आणि काजव्यांच्या हिरवट-पिवळ्या ठिपक्यांसोबत लाल, निळे, पांढरे खोटे ठिपकेही फोटोत येतात. हे फोटो नंतर ‘लाइटन’ पद्धतीने एकावर एक रचले जातात. प्रत्येक जागी सर्वांत उजळ पिक्सेल ठेवायचा हे त्या पद्धतीचे सूत्र असल्याने काजवे जसे टिकतात तसे प्रत्येक फोटोतले खोटे ठिपकेही टिकतात. कॅमेऱ्यातले लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालू केले, तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळेचा एक काळा फोटो घेतो आणि तो वजा करतो. उपाय चोख आहे, पण त्यात निम्मे काजवे हुकतात. त्यापेक्षा काम संपल्यावर, कॅमेरा तसाच गरम असताना, लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओवर आणि तेवढ्याच वेळेचे काही काळे फोटो घ्यावेत आणि घरी सॉफ्टवेअरमध्ये ते वजा करावेत.

फोनने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला आहे. एक फोटो काढायच्या ऐवजी तो झपाट्याने अनेक फोटो घेतो, हाताच्या हालचालीमुळे सरकलेली चित्रे एकमेकांवर बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. नॉइज प्रत्येक फोटोत वेगळा, चित्र मात्र तेच. म्हणून सोळा फोटोंच्या सरासरीत नॉइज चौपट कमी होतो. गूगलने नोव्हेंबर २०१८ मध्ये पिक्सेल फोनसाठी आणलेल्या नाइट साइटमध्ये जास्तीत जास्त १५ फोटो जोडले जात. हा खराखुरा, मोजून मिळवलेला प्रकाश आहे. मात्र चालत्या-बोलत्या नटासमोर ही युक्ती थिटी पडते. एआय डीनॉइजचे, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने नॉइज काढण्याच्या पद्धतीचे, स्वरूप यापेक्षा वेगळे आहे. ते शिकलेल्या नमुन्यांवरून इथे काय असावे याचा अंदाज बांधते, आणि हा अंदाज बहुधा थक्क करण्याइतका अचूक असतो. तरी नऊवारीच्या काठावरची बारीक नक्षी किंवा पिकलेल्या दाढीचे केस अशा जागी ते स्वतःच्या मनचे काही रचून देते. त्याची मात्रा पूर्ण ठेवण्याऐवजी निम्म्यावर आणून थोडे दाणे राहू द्यावेत, असे माझे मत आहे.

कॅमेऱ्यावर बसवायची व्यवस्था यातून आपोआप ठरते. हालचाल थांबवण्यासाठी लागणारा शटर स्पीड आणि लेन्स देईल ते अपर्चर आधी पक्के करावे. आयएसओ ऑटोवर ठेवून त्याची वरची मर्यादा भीतीपोटी ८०० किंवा १६०० ला न बांधता ६४०० किंवा कॅमेरा नवा असल्यास १२,८०० पर्यंत मोकळी सोडावी, आणि हिस्टोग्रामच्या (गडद-उजळ पिक्सेलांच्या आलेखाच्या) उजव्या, म्हणजे उजळ, टोकावर नजर ठेवावी. रॉऐवजी जेपेगच (कॅमेऱ्यातच तयार होणारी लहान फाइल) काढणाऱ्याने तर आयएसओ बरोबर ठेवणे अधिकच गरजेचे आहे, कारण आठ बिटांच्या त्या फाइलमध्ये नंतर सावल्या उचलायला फारसे काही शिल्लक नसते. आलेला फोटोही पडद्यावर चारशे टक्के मोठा करून जोखू नये. २४ मेगापिक्सेलचा फोटो ८ बाय १२ इंचांवर, इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापला, तर छापील एकेका ठिपक्यात पावणेतीन पिक्सेलांची सरासरी उतरते आणि पडद्यावर टोचणारा नॉइज त्या कागदावर सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झालेला असतो.